अन्नाचा विसार

पर्यटन वाढलं की त्या भागाचं भलं होतं, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. मागं एका लग्नात जेवणाच्या टेबलावर एक गृहस्थ असंच सांगून राहिले होते. माणसं येतात, खर्च करतात, चार हातांना काम मिळतं, आणि काय काय. मी म्हटलं, "खर्च करतात हो, पण कुठं करतात ते बघितलंय का तुम्ही?" नवऱ्यानं टेबलाखालून पाय दाबला म्हणून गप्प बसले. नाहीतर आक्काची सगळी हकीकत तिथंच ऐकवली असती, मग त्याला जिलबी गोड लागली असती का बघितलं असतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही लातूरचे, वडलांचं किराणा दुकान, घर लिंगायत वळणाचं. तिला दिली ती थेट किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या जवळच्या एका खेड्यात. स्थळ ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अगं बाई, एवढ्या लांब? जंगलात? आई आठवडाभर पदर डोळ्याला लावून होती. दाजी मात्र माणूस सोन्यासारखा निघाला. जमीन तेवढी मुरमाड. तिच्यात कापूस लावा नाहीतर सोयाबीन लावा, वर्षाचं खाणं निघालं तरी नशीब.

त्यांचं घर सहस्रकुंडच्या धबधब्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. दाजींनी घरापुढं पत्र्याचं शेड टाकलं, आक्कानं चुली मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण करून द्यायला लागली. पाटी नाही, बोर्ड नाही. लोक पॅसेंजरनं यायचे, नांदेडकडनं, आदिलाबादकडनं. धबधबा बघायला असा कितीसा वेळ लागतो? उभं राहायचं, तोंडावर पाणी उडवून घ्यायचं, महादेवाच्या देवळात घंटा वाजवायची, झालं. पण परतीची गाडी दिवस कलल्यावर, आणि ती वेळेवर आली तर सगळ्यांनाच नवल. तोवर माणूस करणार काय? जेवणार. जेवून शेडमध्ये आडवा होणार. उठला की चहा मागणार, मग शेंगा, मग पेरू. दाजी म्हणायचे, "आपला धंदा धबधब्यावर न्हाई बरं का, गाडी लेट होण्यावर हाय." आम्ही हसायचो.

जेवणाची रीत साधी होती. पाण्याकडं जाताना सांगून जायचं, "बाई, आम्ही इतके जण, जेवायला येतो." तेवढ्या शब्दावर आक्का पीठ मळायला घ्यायची. ज्वारीची भाकरी, आंबट वरण, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे आणि दही. पैसे जेवून झाल्यावर, हात धुतल्यावर. आधी कधीच नाही. ह्यात ती कुणाचं ऐकायची नाही. आमच्याकडं मठात दासोह असतो, म्हणजे येईल त्याला जेवू घालायचं, जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. लहानपणी उदगीरकडच्या मठात आम्ही दोघी वाढायला जायचो. तिनं जेवणाचा धंदा काढला तेव्हा वडील तिला म्हणाले होते, "विकतेस तर विक माय, पोट सगळ्यांनाच हाय. पण आधी हात पसरून मग वाढू नको." ते वाक्य तिनं पदराला गाठ मारून ठेवलं. मांसमच्छीही कधी केली नाही. गावरान कोंबडी करता का, असं विचारणारे पुष्कळ यायचे. ती सरळ सांगायची, न्हाई बाबा, पुढं बघा.

आणि लोकही तसेच होते, हे सांगायला हवं. उमरीचं एक कुटुंब दर श्रावणात यायचं. एका वर्षी ते सांगून गेले आणि आलेच नाहीत, वाटेतच त्यांच्या म्हातारीला भोवळ आली म्हणून तसेच माघारी फिरले. पुढच्या सोमवारी त्यांच्यातला कर्ता माणूस एकटा गाडीनं आला, आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे आक्काच्या पुढं ठेवले. ती घेईना, तो उठेना. शेवटी तो जेवून गेला तेव्हा कुठं दोघांचं समाधान झालं. असं बघितलेल्या बाईला कुणी सांगावं की माणसांच्या शब्दावर विसंबू नको?

मी दुकानदाराची लेक. पैसा कसा फिरतो ते मला लहानपणापासून दिसतं. आक्काच्या हातात आलेली नोट त्या गावातून लवकर बाहेर पडायची नाही. वांगी, अंबाडी, मिरच्या मागच्या आळीतल्या एका विधवा बाईच्या परड्यातून यायच्या. ज्वारी भावकीतली, दळण गावच्या गिरणीत, दही शेजारचं. पत्रावळ्या वस्तीवरचं एक म्हातारं जोडपं आणून द्यायचं. म्हातारा रानातून पळसाची पानं आणायचा, म्हातारी काड्या टोचून पत्रावळ लावायची. त्यांना पैसे मिळाले की ते गावच्याच दुकानातून तेल-मीठ न्यायचे, आणि त्या दुकानदाराच्या घरचे पाहुणे आले की तो जेवण आक्काकडं सांगायचा. असं ते चाललेलं. श्रीमंत कुणी झालं नाही, पण पाऊसकाळात त्या गावातून कुणी कामाला बाहेर गेलं नाही. आक्काला ह्याहून जास्त काही नकोच होतं. आपल्या गावात, आपल्या चुलीपुढं बसून खाता यावं, कुणाच्या दारात कामाला जावं लागू नये, एवढंच.

मग रस्ता झाला.

चांगला रस्ता झाला, खोटं कशाला बोलू. भोकर, हिमायतनगर करत गाडी सुळकन येते आता. दाजींना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांनी प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या आणल्या, शेड वाढवलं, मला फोन करून म्हणाले, "आता बघा बाई, पब्लिक लई वाढनार हाय." पब्लिक वाढलं. वाढलं म्हणजे काय, रविवारी रस्त्यात गाड्यांची रांग! मी एकदा गेले तर एस्टीतून उतरून चालतच जावं लागलं. गाड्यांच्या काचा, गॉगल, मोबाईल, पोरांचा धिंगाणा. मी आक्काच्या शेडमध्ये पोचले तर आत दाजी एकटे नव्या खुर्चीत बसलेले.

"हे काय दाजी, एवढी गर्दी आणि तुम्ही हात चोळत?"

"ते सगळे बांधून आणतेत," ते म्हणाले.

खरंच बांधून आणतात. मी उभी राहून बघितलं. डिकीतून पाण्याचे खोके निघतात, चिवड्याचे पुडे, पुलाव, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, चटई, थर्माकोलच्या प्लेटा. एकानं तर चुलीसाठी लाकडंसुद्धा घरून आणली होती, किनवटच्या जंगलात! ह्याला काय म्हणावं? आता गाडीची वाट बघायची नसते कुणाला. आले, फोटो काढले, डबा खाल्ला, गेले. पेट्रोल नांदेडात, खाऊ नांदेडात, पाणी नांदेडात, आणि कचरा तेवढा इस्लापूरला. येताना वाटेत मोठा ढाबा झालाय, तिथं थांबतात. तो शहरातल्या कुणाचा आहे, त्याचा भाजीपाला टेम्पोनं शहरातूनच येतो. आक्काच्या दारात गाडी थांबायची ती एवढ्याचसाठी, "काकू, बाथरूम आहे का?"

आणि ती जाऊ द्यायची. वर पाणीही द्यायची. मी चिडायचे. "बादलीला तरी पैसे लाव," म्हणायचे. "पाण्याला?" असं विचारून ती माझ्याकडं अशी बघायची की मलाच लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग यायचा.

परड्यातली बाई अजून वांगी आणून द्यायची, पण टोपली अर्धी. म्हातारा-म्हातारी पत्रावळ्या घेऊन यायची आणि आक्का लागत नसल्या तरी ठेवून घ्यायची. शेडच्या कोपऱ्यात पत्रावळ्यांची चळत वाढत गेली. दाजी संध्याकाळी सगळ्या खुर्च्या एकात एक घालून ठेवायचे.

मग तो श्रावण. मी चार दिवस राहायला गेले होते. शुक्रवारी एक गाडी थांबली, दोघं जण उतरले, शहरातले, कपडे झकपक. म्हणाले, रविवारी आमच्या ग्रुपची मोठी बस येणार आहे, बायका-पोरं सगळी, आम्हाला अस्सल गावरान जेवण पाहिजे, भाकरी चुलीवरची, पत्रावळीवर. "काकू, तुमचं नाव ऐकून आलोय." आक्काचा चेहरा असा फुलला! कितीतरी दिवसांनी तिला तसं बघत होते. दाजी उभे राहूनच बोलायला लागले.

मी मधे पडले. सरळ म्हटलं, "साहेब, थोडा विसार देऊन जा, आगाऊ." त्या माणसानं खिशात हातही घातला होता, मी बघितलं. आणि आक्का म्हणाली, "न्हाई न्हाई, ऱ्हाऊ द्या. जेवल्यावर बघू."

ते गेल्यावर मी तोंड सोडलं. ती भांडी घासत म्हणाली, "अगं येडे, विसार बैलाचा घेतेत, जमिनीचा घेतेत. अन्नाचा विसार घेतेत का कुठं? उपाशी माणसाला आधी पैसे टाक म्हणायचं?"

"ते उपाशी नाहीत आक्का. ते सहलीला येऊन राहिलेत."

"जेवायच्या टायमाला सगळेच उपाशी असतेत," ती म्हणाली, आणि विषय संपला.

शनिवारी सगळं गाव कामाला लागलं म्हणा ना. परड्यातली बाई सगळी वांगी तोडून घेऊन आली, लहान-मोठी सगळी. शेजारणीनं दोन दिवसांचं दही लावून ठेवलं. गिरणीवाल्यानं आक्काचं दळण आधी घेतलं. म्हातारीनं जुन्या पत्रावळ्या आतून काढून बघितल्या, म्हणाली ह्या वाळल्यात, बस भरून माणसं येनार तर ताज्या पायजेत, आणि नवऱ्याला पुन्हा रानात पिटाळलं. रविवारी उजाडायच्या आत चुली पेटल्या. मी भाकरी थापल्या, भावकीतल्या दोन सुना आल्या होत्या त्यांनी थापल्या. धुरानं डोळे लाल, पण हसणं-खिदळणं चालू. आक्का एकेकीला टोमणे मारत होती. मला म्हणाली, "लातुरात गॅसवर फुगवतीस, इथं बघ कशी गोल चांदकी होतीया." सगळ्या हसल्या.

बस आली. आम्ही शेडमधून बघितली. तिच्या मागं एक टेम्पो होता.

टेम्पोतून मोठमोठे स्टीलचे डबे उतरले, टेबलं उतरली, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं उतरली. नांदेडचा कॅटरर. नदीच्या अलीकडं सावलीत त्यांनी टेबलं लावली आणि लोक तिकडं गेले. आम्हाला वाटलं, नाश्ता असेल. माणूस आशेला कसा चिकटतो! आक्का म्हणाली, "नाश्ता करतेत, मग पानी बघतेत, मग येतेन." भाकरीच्या टोपलीवर ओला फडका टाकून ती दारात उभी राहिली. दुपार कलली, फडका तिनं कितीदा भिजवून टाकला. मग तो शुक्रवारचा माणूस आला. घाईत होता. म्हणाला, "सॉरी हं काकू, ऐनवेळी लेडीज म्हणाल्या हायजिनचं कसं असतं काय की, म्हणून कॅटरर लावला. फोन करणार होतो, तुमचा नंबर नव्हता." आणि मग, देवा, मग म्हणाला, "काकू, जरा बायकांना बाथरूम मिळेल का?"

मी काहीतरी बोलणार होते. लई वाईट बोलणार होते. आक्कानं माझा दंड धरला आणि त्याला म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. मागल्या बाजूला हाय." बायका येऊन गेल्या. एकीनं चुलीचा फोटो काढला.

त्या संध्याकाळी गावभर जेवण वाटलं. वांग्याची भाजी आंबली ती गुरांपुढं गेली. आणि आक्कानं, दिवे लागायच्या आत, वांगीवालीला, दहीवालीला, गिरणीला, त्या म्हाताऱ्या जोडप्याला, सगळ्यांना ज्याचे त्याचे पैसे हातात दिले. परड्यातली बाई घेईना. म्हणाली, "आक्का, तुलाच मिळालं न्हाई तर मला कुठून देतीस?" आक्का म्हणाली, "तू वांगी दिलीस ना? मग." ते पैसे कुठले होते ते मला माहीत होतं. सोयाबीनच्या फवारणीला ठेवलेले. दाजींनी स्वतः पेटीतून काढून दिले आणि बाहेर जाऊन बसले.

मला अजून कळत नाही की तिचा राग यावा की तिच्या पाया पडावं. पण खरं सांगू? त्या दिवशी मला तिचा नुसता रागच आला होता. एवढं मोठं मन ठेवून काय मिळालं? सोयाबीनवर अळी पडली. पुढच्या पावसात शेड उभंच राहिलं नाही. परड्यातल्या बाईनं वांगी उपटून तिथं कापूस टोचला. पत्रावळीवाली म्हातारी आजारी पडली आणि त्यांचा मुलगा दोघांना तेलंगणात, तो जिथं कामाला होता तिथं, घेऊन गेला. धबधब्यावरची गर्दी तेवढी दर वर्षी वाढत राहिली. टीव्हीवर दाखवतात, ड्रोनवरून. दिसतं छान.

दाजींचे गुडघे गेले तेव्हा मीच म्हणाले, लातूरला या. दुसरं काय सुचणार? आमच्या लातुरात धबधबा नाही की डोंगर नाही, पण गावोगावची पोरं शिकायला येतात आणि वर्ष-दोन वर्षं राहतात. राहतात म्हणून खातात. अर्ध्या शहराची चूल त्यांच्यावर पेटते, माझ्या घरावरचा मजलाही त्यांच्याच भाड्यावर चढलाय. आमच्या मागच्या गल्लीत क्लासच्या मुलींची मेस आहे, तिथं मी आक्काला कामाला लावून दिलं. पहिल्या दिवशी ती मेसच्या दारात चप्पल काढून थांबली. मालकीण म्हणाली, "मावशी, आत या ना, इथं कुणी चपला काढत नाही." ती अनवाणीच आत गेली. अजून तशीच जाते. दाजी माझ्या घराच्या ओट्यावर बसून असतात, रस्त्यानं जाणाऱ्या पोरी बघून म्हणतात, "लई पब्लिक हाय तुमच्याकडं."

ह्या पावसाळ्यात क्लासवाल्यांनी मुलींची सहल काढली. मालकिणीनं सांगितलं, पहाटे बस निघणार, सहस्रकुंडला जाणार, नाश्ता आणि दुपारचं जेवण बांधून द्यायचं. मला हे कळलं तेव्हा मी तरातरा मेसवर गेले. आक्का दशम्या लाटत होती. दुधात मळलेल्या, म्हणजे दिवसभर मऊ राहतात. बटाट्याची सुकी भाजी निवत ठेवली होती. शेंगदाण्याची चटणी पुड्यांमध्ये भरून चालली होती. एवढं निगुतीनं बांधलं होतं की त्या पोरींना तिथं पाण्याशिवाय कशाची गरज पडू नये, आणि पाण्याचे खोके तर मालकिणीनं आधीच आणून ठेवले होते.

"आक्का, तुला काही वाटतं का नाही गं?" माझा आवाज चढला. "दुसऱ्या कुणाला तरी करू दे की हे!"

"माझं काम हाय," ती म्हणाली. "पोरी सकाळपास्न उपाशी ऱ्हातेन का?"

तिनं लाटणं खाली ठेवलं नाही. मी तिथंच पिठाच्या डब्यावर बसून रडले, ती लाटत राहिली. मग म्हणाली, "बस झालं आता. ते पुडे मोज."

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नाश्त्याच्या वेळी मेसवर गेले. मुली अजून सहलीच्याच नादात होत्या. त्यातली एक, परभणीकडची, बोलकी, ताट घेऊन आक्काजवळ आली. "मावशी, बरं झालं तुम्ही डबा दिला. तिथं खायला काहीच मिळत नाही! चिप्सची एक टपरी, बस. एवढा मोठा धबधबा, आणि तिथल्या लोकांना साधं जेवणाचं काढायचं सुचत नाही बघा."

मी आक्काकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. निदान माझं गाव आहे ते, एवढं तरी म्हणेल.

"हाव माय," ती म्हणाली, "न्हाई मिळत तिथं." आणि तिच्या ताटात पोळी वाढून पुढं विचारलं, "चटनी पुरली का सगळ्यायला?"